जीशानभाईंचा येऊ घातलेला कॅमेरा

हातात असलेल्या वस्तूपेक्षा येऊ घातलेली वस्तू नेहमीच सरस असते. ती बिघडत नाही, तिच्यावर धूळ बसत नाही आणि तिने काढलेला फोटो आजवर कुणालाही वाईट वाटलेला नाही. जुन्या जालन्यातले छायाचित्रकार जीशानभाई यांनी हे सत्य वेळीच ओळखलं, याबद्दल त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

बातमी अशी होती की, एक स्वस्तातला फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा येणार आहे. फुलफ्रेम म्हणजे आतला चित्र टिपणारा सेन्सर मोठा, आणि मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला. (आरसा काढल्यावर वस्तू महाग का होते, हे जीशानभाईंनी मला दोनदा समजावलं. दोष माझा.) आमच्याकडे बातम्यांचे तीन दर्जे आहेत: पक्की, एकदम पक्की आणि यूट्यूबवर पाहिलेली. ही तिसऱ्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाची होती.

सदर बातमी कानी पडताच जीशानभाईंनी आपला जुना कॅमेरा कपाटात ठेवला. त्या कॅमेऱ्यावर त्यांनी जिल्ह्यातली असंख्य लग्नं निभावली होती, आणि त्यातली बरीचशी अजून टिकून आहेत. पण उद्या उत्तम मिळणार असताना आज बरं काढून देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असं त्यांचं तत्त्व बनलं. स्टुडिओत आलेल्या माणसाला ते चहा पाजत, बातमी सांगत आणि परत पाठवत. माणसं खूश होऊन जात. फोटो काढून देत होते तेव्हा एवढी खूश होऊन जात नसत.

अडचण आली ती जेठमल शेठजींची. त्यांचं कापडाचं दुकान त्याच गल्लीत. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण पत्नी धापूबाईंसोबत त्यांचा फोटो एकच, लग्नातला. आणि त्यात धापूबाई म्हणजे छातीपर्यंत ओढलेला एक घुंघट. आत त्याच आहेत, असं शेठजी खात्रीने सांगतात. (पुरावा नाही.) त्यानंतर कॅमेरा दिसला की धापूबाई तोंड फिरवत आल्या. शेवटी नातसून कनिकाने महिनाभर लाडीगोडी लावली, तेव्हा त्या एकदाच्या 'हो' म्हणाल्या. शेठजी एका पायात स्वतःची आणि एका पायात नोकराची चप्पल घालून स्टुडिओत धावले.

"जीशान, जल्दी चल! ती हो म्हनली!"

"मुबारक हो, शेठजी. पन पुढच्या महिन्यात नवा कॅमेरा येऊन राह्यला. इतके साल थांबले, मंग एक महिना काय? मांजीची एक एक सुरकुती बराबर दिसंल."

"हे तिला सांगू नको, बाबा," शेठजी दारातूनच मागे बघत म्हणाले.

पुढचा महिना आला. कॅमेऱ्याऐवजी त्याची आणखी पक्की बातमी आली. त्याच्या पुढच्या महिन्यात तर कॅमेऱ्याचा अंधुक फोटोही आला. (तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला होता, हे कळलेलं नाही.) एव्हाना शेठजींनाही गोडी लागली होती. साडी पसंत करत असलेल्या बाईला ते स्वतःच सांगू लागले, "थांबा, पुढच्या हप्त्यात याहून भारी माल येतो." कनिका मात्र काळजीत पडली. दादीसांचा, म्हणजे धापूबाईंचा, होकार किती दिवस टिकेल, याचा कुणालाच भरवसा नव्हता.

चतुर्थीला शेठजींच्या घरची मंडळी राजूरच्या गणपतीला निघाली. जीशानभाईही सोबत निघाले. भविष्यातल्या फोटोसाठी जागेची पाहणी करायची होती. पाहणीला कॅमेरा लागत नसल्यामुळे तो त्यांनी नेला नाही.

दर्शन झालं. मंदिराबाहेर कडूबा नावाचा फोटोग्राफर जागेवर फोटो काढून जागेवर छापून देत होता. जीशानभाई हात वर करून उन्हाची तिरीप मोजत असताना धापूबाईंनी त्यांना हाक मारली.

"जीशान, आला का तुझा कॅमेरा?"

"मांजी, बस, पुढच्या महिन्यात."

"मला आज वाटून राह्यलं. पुढच्या महिन्याचं मी सांगत न्हाई."

एवढं बोलून त्या कडूबापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि भर गर्दीत पदर मागे सारला. शेठजींच्या तोंडात नेमका प्रसादाचा पेढा. ते तसेच धावत येऊन शेजारी उभे राहिले, त्यांचा फुगलेला गाल पाहून धापूबाई खळखळून हसल्या, आणि कडूबा म्हणाला, "झालं. चला, मागं लाइन हाय."

फोटो हातात आला. शेठजींनी तो दोन्ही हातांत धरला आणि घुंघटाबाहेरचा चेहरा पाहत राहिले. कनिकाने डोळे पुसले. जीशानभाईंनी फोटो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"नॉइज लई हाय यात," ते फोटोतल्या बारीक दाण्यांवर बोट ठेवत हळूच म्हणाले.

"आवाज?" धापूबाई म्हणाल्या. "चतुर्थी हाय, बाबा. आवाज राहनारच."

जीशानभाईंनी कडूबाला कॅमेऱ्याचं मॉडेल विचारलं. "काळा हाय," कडूबा म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या गाडीत जीशानभाई खिडकीबाहेर बघत होते. मध्येच त्यांनी शेठजींकडून फोटो पुन्हा मागून घेतला आणि जालना येईपर्यंत परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केली आणि बायकोला हाक मारली.

"मदिना, जरा उजेडात उभी ऱ्हाय."

"नवा आला का?"

"न्हाई."

"मंग थांबते," मदिना म्हणाली आणि आत निघून गेली.

हा प्रसंग मी आजवर अनेक जाणत्या लोकांना सांगितला. धापूबाई फोटोत कशा दिसतात, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं: मग आला का तो कॅमेरा, आणि कितीला? तुमच्याही मनात तेच आहे, लाजू नका. बातमी एकदम पक्की आहे. तोवर घरातल्या माणसांना सांगून ठेवा की, थोडे दिवस आहात तसेच दिसत राहा.