फक्त भिंतीपलीकडे पाठवायचं होतं

पेनड्राइव्ह पॅन्टच्या खिशात होता आणि पॅन्ट साबणाच्या बादलीत होती. सगळं रामायण इथून सुरू झालं. (पॅन्ट बादलीत मीच टाकली होती. मी घरकामात मदत करतो, याचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे.)

बायको, म्हणजे शिला, म्हणाली, "चौकात जाऊन दुसरा आणा. दहा मिन्टाचं काम हाय."

बाळापूरचा चौक आमच्या घरापासून खरंच दहा मिनिटांवर आहे. पण बावीस वर्षं सरकारी कार्यालयात लिपिक असलेल्या माणसाला सोपा उपाय सुचवला की त्याचा अपमान होतो. शिवाय ऑफिसात कुणाचा माउस अडला की "राठोडला बोलवा" अशी हाक येते. (माउस बहुतेक वेळा उलटा धरलेला असतो.)

"एका घरात दोन कम्प्युटर, मधी एक भिंत, वरून वायफाय," मी म्हणालो. "पेनड्राइव्ह कशाला लागतो? फोल्डर शेअर करतो."

"चारच्या आत व्हईल?"

"चार? बाराला जेवू आपण."

चारची गोष्ट सांगतो. माझी आई, आमच्या बोलीत याडी, पारुबाई. तिच्या हाताचा कशिदा आमच्या बंजारा तांड्यात आजही नावाजलेला आहे: फेटिया म्हणजे घागऱ्यावरचे आरसे, कांचळी म्हणजे चोळीवरच्या कवड्या, पिशव्यांवरची टाक्यांची नक्षी. आता तिचे डोळे सुईत दोरा ओवू देत नाहीत. त्या नक्ष्या तिच्यासोबत संपून जाऊ नयेत म्हणून शिला वर्षभर तांडोतांडी फिरली, जुने कपडे पेट्यांतून काढायला लावून फोटो घेतले आणि त्यांचं पुस्तक करायला घेतलं. हिंगोलीच्या प्रदर्शनात ते ठेवायचं होतं. छापखान्यानं शनिवारी चारपर्यंतची वेळ दिली होती. त्यानंतर यंत्रावर लग्नपत्रिका चढणार होत्या. तो शनिवार हाच.

पुस्तक शिलाच्या लॅपटॉपवर, फोटोंच्या जागा सोडून, जुळवलेलं होतं. लॅपटॉप मूळचा आमच्या पुजाचा. ती नांदेडला होस्टेलवर गेली तेव्हा त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून आईला देऊन गेली. दोनशे साठ फोटो मात्र पुढच्या खोलीतल्या माझ्या विंडोजवाल्या कम्प्युटरवर. मोबाइलवरून पाठवले की फोटो बारीक होत आणि टाके दिसेनासे होत, म्हणून ती वाट बंद होती.

मी पुढच्या खोलीत ठाण मांडलं. शिला आतल्या खोलीत, तिच्या शेजारी बाजेवर याडी. फोल्डरवर उजवं बटण दाबलं, शेअर केलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "तुमचा कम्प्युटर दिसून राहिला!"

खरं सांगतो, मला फार आनंद झाला. दोन वेगळ्या जातकुळीची यंत्रं एकमेकांना ओळखतात, ही गोष्टच मला गमतीची वाटली. नेमकं कसं ओळखत असतील?

"क्लिक कर!"

"केलं. नाव अन् पासवर्ड मागून राहिला."

"माझं नाव टाक. पासवर्ड सात-चार-सात-चार."

पलीकडे कळा वाजल्या. मग, "परवानगी न्हाई म्हणतो."

इथून माझ्यातला शोधक जागा झाला. (तो जागा झाला की घरातले बाकीचे जेवून घेतात.) आधी फायरवॉल बंद केली. परवानगी नाही. मग राउटर बंद करून चालू केला, त्यावर शेजारच्या हिरासिंगकाकांनी गच्चीवरून विचारलं की त्यांची मालिका काहून थांबली. तेव्हा मला कळलं की आमचं वायफाय त्यांच्याकडेही आहे. विचारात पडलो, पण थांबलो नाही.

मग वाचलं की दोन यंत्रांची आपसात बोलायची एक जुनी रीत असते आणि एक नवी. आपला विंडोज नवी बोलतो आणि लिनक्स जुनी, असं मला उगाच वाटलं. मी जुनी रीत चालू केली आणि कम्प्युटर पुन्हा सुरू केला. त्यात अर्धा तास गेला. परवानगी नाही.

"अक्षरं लहान टाकली का मोठी?" मी ओरडलो. लिनक्सला त्यातला फरक कळतो हे नुकतंच वाचलं होतं.

"लहान!"

"नाव बराबर हाय?"

"बराबर हाय! दोनदा तपासलं!"

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, म्हणजे चूक यंत्राचीच. मी एक वही घेतली, दोन रकाने पाडले आणि काय-काय करून पाहिलं ते लिहायला लागलो. दोन वाजले तेव्हा वहीचं तिसरं पान चालू होतं. भाकरी गार झाली होती. आणि मला मनापासून प्रश्न पडला होता की भिंतीच्या त्या बाजूला असं काय आहे, जे या बाजूला नाही.

अडीचला शिला दारात आली. "याडी सकाळपासून विचारून राहिल्या, माझं पुस्तक गेलं का म्हणून. काय सांगू त्यांना?"

वही ठेवली आणि पुजाला फोन लावला.

पुजानं माझं सगळं ऐकून घेतलं. (तिसरं पान तिनं वाचू दिलं नाही.) "मम्मीला म्हणा स्क्रीनचा फोटो पाठव," एवढंच ती बोलली. फोटो गेला. पलीकडून हसू आवरण्याचा आवाज आला.

"पप्पा, नावाच्या जागी मम्मीनं काय लिहिलंय पाहिलं का?"

मी उठून आत गेलो. तीन तासांत पहिल्यांदाच. त्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत, एकही चूक न करता, लिहिलं होतं: पुजाचे पप्पा.

"शिला, माझं नाव ओमप्रकाश धर्मसिंग हाय!"

तिनं डोळ्यानंच बाजेकडे खुणावलं. याडी ताठ बसली होती.

"नवऱ्याचं नाव," याडी म्हणाली, "अन् त्याला लागून सासऱ्याचं. सून माझ्यासमोर बोटानं लिवणार व्हय? तोंडानं घेतलं काय अन् बोटानं घेतलं काय."

"मला वाटलं," शिला हळूच म्हणाली, "घरातलाच कम्प्युटर हाय. अख्खा तांडा तुमाला पुजाचे पप्पा म्हणून वळखतो. हा काहून वळखणार न्हाई?"

 

"सरक, मीच टाकतो," म्हणून मी बसलो. ओमप्रकाश धर्मसिंग. सात-चार-सात-चार. परवानगी नाही.

"पप्पा," फोनमधून पुजा म्हणाली, "तो पिन हाय. पिन फक्त तुमच्या कम्प्युटरसमोर बसल्यावर चालतो. शेअरिंगला खरा पासवर्ड लागतो."

खरा पासवर्ड मी तीन वर्षांपूर्वी ठेवला होता आणि त्याच दिवशी विसरलो होतो. म्हणजे शिलानं सासूदेखत माझं नाव शंभर वेळा लिहिलं असतं तरी दार उघडलं नसतं. ही गोष्ट मी तेव्हा मोठ्यानं बोललो नाही.

"मम्मीच्या नावाचं नवं खातं काढा, फोल्डरची परवानगी त्याला द्या," पुजा म्हणाली. मी पुढच्या खोलीत धावलो. तीन वीस झाले होते. शिलानं स्वतः येऊन पासवर्ड घातला, मला पाठ फिरवायला सांगून. ती परत आत जाऊन बसली तरी फोल्डर उघडेना, म्हणून घाईत मी तिच्या खात्याला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कम्प्युटरचा सर्वाधिकारी, करून टाकलं. उघडला! भिंतीपलीकडून याडीचा आवाज आला, "आलं, आलं! ही माझ्या लग्नातली कांचळी!"

मी आत गेलो तेव्हा दोनशे साठ फोटो एकेक करून भिंत ओलांडत होते आणि ऐंशीला टेकलेली माझी आई लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून टाके मोजत होती. फोटो आपापल्या जागी बसले, चारला सात मिनिटं कमी असताना पुस्तक नेटवरून छापखान्याला पोचलं आणि तिकडून "मिळालं" असा निरोप आला. शिला भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली.

मी शिस्तीचा माणूस. काम झाल्यावर तिचं खातं पुन्हा साधं करायला बसलो. खात्यांच्या यादीत दोन नावं होती. एकावर बटण दाबलं, "साधा वापरकर्ता" निवडलं, हो म्हटलं.

दाबलं ते माझ्या नावावर.

हे मला पुढच्या रविवारी कळलं. कॅरमचा एक खेळ घालायला गेलो तर कम्प्युटर म्हणाला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. आणि खाली शिलाचं नाव दाखवलं. मी स्वयंपाकघरात गेलो.

"काहून पाहिजे?" तिनं पीठ मळता मळता विचारलं.

"थोडं काम होतं."

"लेखी द्या."

मला वाटलं थट्टा करतेय. ती करत नव्हती. मग बसून लिहिला मी अर्ज. प्रति, माननीय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. विषय, कॅरम घालण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली तारीख, सही आणि सहीखाली पूर्ण नाव. बावीस वर्षं लोकांचे अर्ज घेतले, द्यायची पहिलीच वेळ. बरा जमला होता.

शिलानं हात पुसले, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबली. बाजूला याडी शेंगा सोलत बसली होती.

"खाली कुणाचं नाव हाय?"

"वाच की."

"मला घेता येत न्हाई," ती म्हणाली आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. "म्हंजे हा निनावी झाला. अन् निनावी अर्जाची दखल घेत न्हाईत, हे तुमीच रोज जेवताना सांगता."