नाना आजोबांचे मोजे

मे महिन्यात बाभुळगावात कुलरसुद्धा गरम वारा फेकतो. अशा दिवसांत पायांत जाड मोजे घालून फिरणारा माणूस एकच: नातवंडांनो, तुमचे नाना आजोबा, माझे चुलतदीर. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाचा फुटून राह्यल्या ना, वहिनी." मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फुटताहेत.

स्वतःचे पाय झाकणारा हा माणूस दुसऱ्यांचे मात्र उघडे करतो. आपल्या घराण्यात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं. नानांना त्याचा अभिमान असा, की जणू ते त्यांनीच कोर्टात भांडून मिळवलं. घरात मूल जन्मलं की बाळंतिणीची विचारपूस नंतर, आधी "पाय दाखवा." बोट लांब दिसलं की निकाल, "माल आपलाच हाय!" व्हिडिओ कॉलवर तुम्हालाही त्यांनी पाय दाखवायला लावले होते. तुमच्याकडे तिकडे परदेशात बर्फ पडत होता आणि तुम्ही बिचारे मोजे काढत होतात.

उरलेलं शरीर ते सोयीनं वाटतात. चांगलं ते आपलं, वाईट ते सुनांच्या माहेरचं. तुमचे बाबा जन्मले तेव्हा म्हणाले, "पाय आपला, आवाज वहिनीकडला." बाबा गणितात नापास झाले तेव्हा, "डोकं मामाकडलं." पुढे ते इंजिनिअर झाले, तर तेच डोकं कुणाला न विचारता आपल्याकडे परत आलं.

यंदा नानांच्या मुलानं, विनोदनं, आणि सून सुनीतानं चार महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. नाना हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बारशाच्या दिवशी सुनीतानं मुलीला मोजे चढवले आणि वर नाडीच्या दोन-दोन गाठी मारल्या.

"काकू, मामाजींनी पाय पाह्यला तर? पाहुण्यांसमोर काही बोलले तर?" सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

"मी आहे ना," मी म्हटलं. करणार काय होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

नाना आले ते थेट पाळण्याशी बसले. "पाय दाखव पोरीचा."

सुनीतानं गाठींवर हात ठेवला. "मामाजी, तिले थंडी वाजते..."

"मे महिन्यात?" मोजे घातलेले नाना म्हणाले.

गाठी त्यांनीच सोडल्या. अंगठा ठळक, शेजारचं बोट आखूड. कुणीतरी बाई उगाच खोकली. मी तोंड उघडणार, तोच नाना वाकून स्वतःचा मोजा ओढायला लागले. तो पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. टाच अगदी गुळगुळीत. अंगठा ठळक, शेजारचं बोट आखूड.

मूलबाळ नसलेल्या चुलतसासऱ्यांनी पाच वर्षांच्या नानांना ढाणकीहून दत्तक आणलं होतं. सासूबाईंनी मला हे एकदा सांगितलं होतं आणि मी विसरूनही गेले होते. नाना विसरले नव्हते.

त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचं पाऊल आपल्या पावलाशी लावून पाहिलं.

"इतके दिवस मी एकटाच होतो, माय," ते तिला म्हणाले. "आता दोघं झालो."

जेवणं झाल्यावर त्यांचे मोजे मला सतरंजीवर सापडले. एकाला भोक होतं. "द्या, शिवून देते," मी म्हटलं.

"राहू द्या, वहिनी," नाना म्हणाले. "आता कायले लागते?"