देशकरकाकांचा आकाशमार्ग

देशकरकाकांना भोपाळमधला कुठलाही पत्ता विचारला की ते आधी वर बघत.

"शिवाजी नगर ना? पाण्याच्या टाकीवरून निघायचं, शाळेची गच्ची ओलांडायची, की आलंच."

"काका, मी स्कूटरवर जाणार आहे."

"मग जा बाप्पा सात वळणं घेत," ते खिन्नपणे म्हणत.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांचं क्वार्टर माझ्या शेजारीच होतं. माणूस मूळचा नागपूरचा. कारखान्याच्या शॉपमध्ये तीस वर्षं त्यांनी ओव्हरहेड क्रेन चालवली. छताखाली टांगलेल्या केबिनमध्ये बसून घराएवढाली यंत्रं माणसांच्या डोक्यावरून अलगद न्यायची, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यामुळे कुठलीही अडचण आली की त्यांच्याकडे एकच उत्तर असे : "वरून घ्या." आमचा सोफा जिन्यात अडकला तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि दोरखंड लावून त्यांनी तो बाल्कनीतून आत घेतला. तेव्हापासून सौ. माझ्यापेक्षा त्यांचा सल्ला जास्त मानते.

त्यांचं खरं वेड मात्र रोपवेचं. टेकडीवर दर्शनाला नेणारा रोपवे नव्हे; माणसाला ऑफिसला, बाजाराला, बहिणीकडे नेणारा. "इथं तलाव आडवा येतो, तिथं टेकडी आडवी येते. रस्त्यानं बिचाऱ्यानं किती वळावं?" शहराच्या नकाशावर ते शिसपेन्सिलीने सरळ रेघा मारत. अर्ज पाठवत. एकदा "आपका सुझाव विचाराधीन है" एवढं उत्तर आलं, तर लग्नपत्रिका दाखवावी तसं ते तो कागद घेऊन कॉलनीभर फिरले.

मी हसायचो. एका रविवारी ते मला टेकडीवरच्या रोपवेत घेऊन गेले. केबिन सुटली आणि हॉर्न, धूळ, माणसांची बाचाबाची सगळं खाली राहिलं. झाडांचे शेंडे पायांखाली आले. पुढे मोठा तलाव उघडत गेला, त्याच्या काठाने घुमट, मिनार, हजारो गच्च्या, वाळत घातलेल्या साड्या. सहा वर्षं मी ज्या शहरात चिडचिड करत होतो ते हेच, यावर माझा विश्वास बसेना.

काकांचं लक्ष मात्र तिकडे नव्हतं. खिशातून टेप काढून ते केबिनचा उंबरठा मोजत होते.

"फलाटाला बरोब्बर लागतो," ते हळूच म्हणाले. "बसला तीन पायऱ्या असतात ना. नलूचा पाय उचलत नाही."

नलूकाकूंना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. वॉकर धरून त्या घरात फिरत, पण कोणी उचलून कुठे न्यावं हे त्यांना मुळीच खपत नसे. "मी काय गाठोडं आहे?" म्हणत. काकांचासुद्धा हात झिडकारत. म्हणून त्या कुठे जातच नसत.

पुढच्या रविवारी मोठ्या मिनतवारीने त्या माझ्या गाडीत बसल्या. रोपवेवरच्या ऑपरेटरने काकांना ओळखलं. "आ गए इंजीनियर साहब?"

"इंजीनियर नहीं भैया, क्रेन ऑपरेटर. जरा रोकना. मेरी मिसेस हैं."

केबिन थांबली. काकू फलाटाच्या कडेला उभ्या राहिल्या. मागे लोक खोळंबले. कोणीतरी "अम्मा को पकड़ो" म्हणालं. काका पुढे सरकले, मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

काकूंनी वॉकर आत टेकवला. एक पाय घातला. दुसरा ओढून घेतला. बसल्या.

मी काकांना म्हटलं, "चला, बसा ना तुम्हीपण."

"नको," ते म्हणाले. "तिला एकटीला जाऊ द्या. चार वर्षांत गेली नाही ती एकटी कुठे."

केबिन वर निघाली. तीस वर्षं वरून खाली बघितलेला तो माणूस मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, टिकलीएवढ्या होत जाणाऱ्या त्या डब्याकडे बघत राहिला.

बऱ्याच वेळाने केबिन परत आली. ऑपरेटरने थांबवली, दार उघडलं. काकूंचे केस वाऱ्याने विस्कटले होते. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून एकदा."

काका तिकिटाच्या खिडकीकडे अक्षरशः धावत सुटले.