आमरसाचा राजीनामा

माझं मराठी शुद्ध आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घरात प्रतिमा, म्हणजे आमची ही, भाजीला 'सब्जी' म्हणते. मुलगी मैत्रेयी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. पण मी? बँकेच्या नोकरीपायी सगळी उमर लखनौत गेली, तरी माझ्या मराठीवर हिंदीचा एक शिंतोडा नाही!

पुरावा हवा? इंटरनेटवरचा आमचा मराठी ज्ञानकोश बघा. या कोशात कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं आणि कुणीही कुणाशीही भांडावं. पगार नाही, मानधन नाही, त्यामुळे भांडणं अगदी मनापासून होतात. ती मिटवायला जो थंड डोक्याचा माणूस लागतो, तो मी! आणि आता तर मी प्रचालकपदाला उभा होतो. प्रचालक म्हणजे कोशाचा कारभारी. सदस्यांचं मतदान रविवारी संपणार होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पद फार हवं होतं. लखनौच्या सरोजिनी नगरात माझं मराठी ऐकतं कोण? निदान कोशानं तरी म्हणावं, गोपीनाथराव, तुम्ही आमचे!

नेमका त्याच आठवड्यात 'आमरस' पेटला.

विश्वजित नावाच्या सदस्यानं लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'आमरस हापूस आंब्यापासून करतात.' वऱ्हाडातल्या शर्मिष्ठाताईंनी 'हापूस' खोडून 'गावरान' केलं. विश्वजितनं परत हापूस केलं. ताईंनी परत गावरान! लेखाखाली भांडायला चर्चा पान असतं, तिथे तर नुसती धुळवड चालली होती.

"देवगडची पेटी ज्यांनी उघडलेली नाही, त्यांनी आंब्यावर बोलू नये," इति विश्वजित.

"पेटीत ठेवतात तो आंबा नव्हे, दागिना! आमच्याकडे आंबा बादलीत असतो!" इति शर्मिष्ठाताई.

मी पडलो लखनौजवळच्या मलिहाबादच्या दशहरी आंब्याचा रस खाणारा, म्हणजे पूर्ण तटस्थ. दोघांच्याही मते मी आमरस खातच नाही! तेव्हा मध्यस्थी माझ्याकडे आली. हे भांडण मिटवलं की प्रचालकपद खिशात, असा माझा साधा हिशेब होता.

संध्याकाळी शेजारचे श्रीवास्तव वकील नेहमीप्रमाणे चहाला आले. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली.

"अरे गोपीनाथजी, इसमें परेशानी क्या है?" बिस्किट बुडवत ते म्हणाले, "दोनों को आमने-सामने बैठाइए, हाथ मिलवाइए, राज़ीनामा करवा दीजिए! हम कचहरी में रोज़ यही करवाते हैं."

वा! दोघं राजी, झाला राजीनामा! बँकेच्या कोर्टाच्या फाइलींमध्ये हा शब्द मी रोज वाचत होतो. आयत्या वेळी आठवला नव्हता, इतकंच. कप खाली ठेवायच्या आधी मी चर्चा पानावर लिहून टाकलं, 'मी दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या. कोशाच्या हितासाठी विश्वजित आणि शर्मिष्ठाताई, दोघांनीही इथेच तातडीनं राजीनामा दाखल करावा. गोपीनाथ.'

जेवून येतो तर विश्वजितचं उत्तर हजर. 'ठीक आहे. घ्या माझा राजीनामा.'

त्याखाली शर्मिष्ठाताई. 'हा माझाही.'

मी खुर्चीतून उठलो! आठवडाभराचं भांडण एका ओळीत खलास! लगेच लिहिलं, 'अभिनंदन! उशिरा का होईना, दोघांना सुबुद्धी सुचली!'

मग चमत्कारच सुरू झाला. पक्ष्यांवर लिहिणारे बबनराव या भांडणात कुठेच नव्हते. त्यांनी लिहिलं, 'या दोघांच्या समर्थनार्थ माझाही राजीनामा.' व्याकरण तपासणाऱ्या सुभद्राबाईंनी लिहिलं, 'माझाही.' म्हटलं, बघा, चांगल्या कामाची लागण अशी होते! ज्यांचं भांडणच नाही, तेसुद्धा समेट करताहेत! माझा ऊर भरून आला. मी लिहिलं, 'इतर सदस्यांनीही यांचा आदर्श घ्यावा! कोशाला आज खरी गरज सामूहिक राजीनाम्याची आहे!'

तेवढ्यात प्रतिमा मागे येऊन उभी राहिली.

"अहो, ही सगळी माणसं का चाललीत?"

"चाललीत कुठे? राजीनामा करताहेत."

"तेच विचारतेय! का?"

"मी सांगितलं म्हणून!" मी छाती काढून म्हणालो.

"तुम्ही लोकांना हाकलताय?"

"हाकलतोय? अगं, जुळवतोय! राजीनामा म्हणजे दोघं राजी..."

"आमच्या साताऱ्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं," ती म्हणाली. "तुमच्या नाशकात काय असतं?"

नाशकातही तेच असतं हो! माझ्या सख्ख्या काकांनी सरपंचपदाचा राजीनामा दिला होता. आमच्या दारात पेढे वाटले होते, विरोधकांनी! सोफ्यावरून मैत्रेयी म्हणाली, "पापा, आपने तो पूरा डिपार्टमेंट खाली करवा दिया."

मी धावत, म्हणजे बसल्या जागी धावत, माफीनामा लिहिला. प्रतिमा म्हणाली, "मला दाखवून मग टाका." पण मला धीर कुठला! 'सदस्यहो, घोर गैरसमज झाला. कुणीही जाऊ नका. मला तुमच्यात समेट हवा होता. जे काही लिहिलं, ती माझी प्रामाणिक चेष्टा होती.'

पाठवलं आणि प्रतिमाला वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"चेष्टा? अहो, ती हिंदीतली चेष्टा! मराठीत प्रयत्न म्हणा, प्रयत्न! आपल्यात चेष्टा म्हणजे थट्टा!"

तोवर उशीर झाला होता. विश्वजित परत आला. 'माणसांना हाकलायचं, वर सुबुद्धी सुचली म्हणायचं, आणि ही चेष्टा?' शर्मिष्ठाताई परत आल्या. 'वर प्रामाणिक चेष्टा! विश्वजित, ऐकताय ना?' 'ऐकतोय ताई!' बबनराव, सुभद्राबाई, सगळे परत आले. मला कोण आनंद झाला! पण तो एका निवेदनापुरता टिकला.

निवेदनाखाली पहिल्यांदाच दोघांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या. 'आमचे आंब्यावरून मतभेद आहेत. परंतु ज्या गृहस्थांना राजीनामा आणि चेष्टा या शब्दांचे अर्थ ठाऊक नाहीत, त्यांना मराठी कोशाचे प्रचालक करू नये, यावर आमचे पूर्ण एकमत आहे.' जाता जाता लेखाचं पहिलं वाक्यही त्यांनी मिळून ठरवलं, 'आमरस हापूस, गावरान इत्यादी आंब्यांपासून करतात.' माझी दशहरी 'इत्यादी'त गेली.

मतंही तशीच पडत होती. वाईट वाटलं, फार वाटलं. रविवारची वाट न बघता मी उमेदवारी मागे घेतली आणि मध्यस्थीचं कामही सोडलं. त्यासाठी जे द्यावं लागतं ते दिलं. त्या शब्दाचा अर्थ आता मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी श्रीवास्तव वकील चहाला आले. बसायच्या आधीच विचारलं, "कहिए गोपीनाथजी, राज़ीनामा हो गया?"

"हाँ वकील साहब, हो गया."

"वाह! दोनों ने कर दिया?"

"तीनों ने," मी म्हणालो.