तव्यावरचा बँडमास्तर

ग्रामोफोनवर पहिला तवा कोणता लावायचा, एवढाच प्रश्न होता. तो मी माझ्या अकलेनं सोडवला, आणि घरात कोणी मेलं नसताना दारात तिरडीचे बांबू येऊन पडले.

साल चोपन्न किंवा पंचावन्न असेल. मी, केवळराम, गोंदियात एका राइस मिलमध्ये कारकून होतो. त्या वर्षी भाताची रोवणी आटोपता आटोपता माझी सासू सुभद्राबाई अर्जुनीकडच्या त्यांच्या गावी तापानं गेली. सासरे उमरावजी, म्हणजे आमचे मामाजी, जुने कोहळी; तलाव बांधणं हा या जातीचा पिढीजात धंदा. गावच्या तलावाची मातीची पाळ खचू लागली की पहिली हाक यांना. बायको गेली तेव्हाही लाकडं कुठून आणायची, पाहुण्यांना कुठं बसवायचं, सगळं यांनीच पाहिलं. डोळ्यांत टिपूस नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मामाजींनी बोलणंच टाकलं.

माझी बायको कुंदा त्यांना गोंदियाला घेऊन आली. ओसरीवर बाज टाकून दिली. त्यावर ते दिवसभर पडून असत, माश्या बसू नयेत म्हणून डोक्यापासून पायापर्यंत धोतर पांघरून. ताट समोर ठेवलं तर घासभर खात, आणि पुन्हा धोतरात. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही. आजार नाही म्हटल्यावर कुंदाला जास्तच भीती वाटू लागली.

"अवो," ती एकदा मला म्हणाली, "बाबा असेच सुकून चालले तं मी काय करू? तुमी काहीतरी करा ना."

(काहीतरी करण्याची कामं आमच्या घरात माझ्याकडं आणि करण्याची कामं कुंदाकडं, अशी पहिल्यापासून वाटणी आहे.)

आमच्या मागच्या गल्लीत जोसेफ साहेब म्हणून रेल्वेतले एक ख्रिस्ती गार्ड राहत. रिटायर होऊन ते मुलाकडं खडगपूरला निघाले होते आणि घरातलं सामान आवरत होते. मामाजींची हकीकत ऐकून ते आत गेले आणि चावीचा ग्रामोफोन घेऊन आले. सोबत तीन जाडजूड आल्बम. लढाईच्या काळात जवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर जे विमानवाले होते, त्यांतल्या कोणीतरी जाताना हे त्यांना देऊन टाकलं होतं. तिन्ही आल्बम एकाच माणसाचे. अमेरिकेतला एक काळा बँडमास्तर. स्वतः पियानोवर बसायचा आणि बोटाच्या इशाऱ्यावर सगळा बँड चालवायचा.

"पण बाबूजी, क्रम मत बिगाडना," जोसेफ साहेबांनी बजावलं. "पहले यह बीचवाला, नाचवाला. पैर हिलेगा तो दिल खुलेगा. फिर यह पुराना, जिसमें बाजे जानवर जैसे गुर्राते हैं. और यह तीसरा सबसे आखिर में. यह मातम का है. पहले यही लगा दिया तो आदमी घबरा जाएगा. और आँख बंद करके सुनना. एक बार में नहीं खुलेगा, बार-बार सुनना."

मी सगळं घेऊन घरी आलो. आल्बम म्हटल्यावर कुंदानं पदराला हात पुसले.

"फोटो आनले काय? साहेबाच्या लग्नाचे?"

तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. कागदाच्या प्रत्येक खिशातून एकेक काळाकुळकुळीत तवा निघाला. तिचा चेहरा पडला.

"हे तं सारे काळेच निघाले!"

समजूत घालून तिला स्वयंपाकघरात पाठवलं आणि मी मामाजींच्या बाजेशी ग्रामोफोन मांडला. दुपारची वेळ होती. मामाजी धोतराखाली निश्चल. आता मला प्रश्न पडला. ज्या घरावर वर्षाचं दुःख आहे, त्या घरात पहिल्या झटक्याला नाच कसा लावायचा? लोक काय म्हणतील? जोसेफ साहेब ख्रिस्ती माणूस, त्यांना आपली रीत काय ठाऊक! असा विचार करून मी तिसरा आल्बम उघडला. मातमाचा.

चावी दिली, सुई ठेवली, डोळे मिटले.

आधी पियानोचे दोन-चार ठिपके पडले. मग एक पिपाणी उठली. (ट्रंपेट म्हणतात हे मागाहून कळलं.) तिच्या तोंडावर काहीतरी दाबून धरलं असावं, कारण सूर असा कोंडून कोंडून येत होता, जसं एखादं माणूस पदर तोंडात धरून रडतं. तवा संपला. काही समजलं नाही म्हणून पुन्हा लावला. पुन्हा संपला, पुन्हा लावला.

स्वयंपाकघरात कुंदाला ते ऐकून आपली आई आठवली. ती दारात आली, चौकटीला टेकून खाली बसली आणि मोकळी रडू लागली. मला ते दिसलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.

त्याच वेळी शेजारच्या सुशिलाबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी पाहिलं ते असं : बाजेवर उमरावजी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, दारात लेक रडते आहे, आणि जावई मान खाली घालून बसला आहे. विरजणाची वाटी तिथंच ठेवून त्या उलट पावली धावल्या.

डोळे न उघडता, चाचपडतच मी तवा आणखी दोन-तीनदा लावला. आणि काय सांगू, शेवटच्या खेपेला ते संगीत खरोखरच उलगडलं! पिपाणीच्या मागं बायकांचा रडण्याचा आवाज येऊ लागला. मग पुरुषांचे आवाज. कोणी नाक ओढलं, तेसुद्धा स्पष्ट. जोसेफ साहेब म्हणाले ते खोटं नव्हतं, मी मनात म्हटलं, आणि मान डोलावली. "वा!" असंही म्हणालो. मांडीवर ठेका धरला.

चावी उतरली. पिपाणी घरघरत बंद पडली. रडणं मात्र चालूच राहिलं.

मी डोळे उघडले. अंगणात सगळी गल्ली उभी होती. सुशिलाबाई कुंदाला कवटाळून हंबरडा फोडत होत्या. कोपऱ्यावरचा टिकाराम खांद्यावरचे दोन लांब बांबू खाली टाकत होता. आणि पुरुष मंडळी माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होती, की सासऱ्याच्या मढ्याशी बसून ठेका धरणारा जावई त्यांनी आजवर पाहिला नसावा.

मी काही बोलणार तोच धोतर हललं. मामाजी उठून बसले.

एक बाई किंचाळली. बाकीचे जागच्या जागी थिजले. मामाजींनी गर्दी पाहिली, बांबू पाहिले, आणि तेरवीनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून शब्द फुटला.

"कोन मेला?"

टिकाराम अडखळत म्हणाला, "तुमीच, मामाजी."

मामाजींनी थोडा विचार केला.

"मले तं कोनी सांगतलं नाई."

मामाजींनी ग्रामोफोनकडं बोट दाखवलं. "जवाई, मघा काय वाजून राहिलं होतं? आनखी लाव."

मी चावी दिली. पिपाणी पुन्हा उठली. मामाजी ऐकत राहिले. त्यांची हनुवटी हलू लागली.

"हा रडते तं कसा मोकळा रडते," ते म्हणाले. "मले नाई जमलं. ती गेली तवा मी लाकडं पाहून राहिलो होतो, पाहुने पाहून राहिलो होतो. तिच्यापाशी घडीभर बसलोच नाई." आणि तो पाळ बांधणारा माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

टिकारामनं बांबू हळूच उचलून भिंतीपलीकडं नेऊन टाकले. पण घरी कोणी गेलं नाही. एका माणसासाठी रडायला आलेले लोक, ज्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं तिच्यासाठी बसून राहिले. मामाजी तिच्याविषयी सांगत होते. पाळीवर माती टाकताना ती सगळ्यांच्या पुढं असे, आणि यांना म्हणे, "तुमी निरा हुकूमच देऊन राहिले, एक टोपली उचला ना." सांगता सांगता ते हसले. कुंदानं ताट आणलं. त्यांनी सगळं खाल्लं आणि वर आणखी भात मागितला.

पुढं मामाजींनी उरलेले दोन्ही आल्बमही ऐकले. मी फक्त चावी द्यायची. नाचवाल्याला ते 'दंडारीतला', म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळातला, म्हणू लागले आणि गुरगुरणाऱ्याला 'जंगलातला'. निघायच्या आदल्या संध्याकाळी जोसेफ साहेब निरोप घ्यायला आले. दोघं म्हातारे बाजेवर शेजारी बसले आणि मोडक्या हिंदीत तासभर त्या बँडमास्तरविषयी बोलले. सूर कुठं दबला, ढोल कुठं थांबला. मी मध्ये दोनदा मत दिलं. ते कोणी घेतलं नाही.

"मैं तो भूल ही गया था यह बाजा," उठताना जोसेफ साहेब म्हणाले. "आपने याद दिलाया. सब आप ही रखिए, उमरावजी. इसके बाद उसका गिरजाघरवाला सुनिएगा. खडगपूर से भेजूँगा."

मामाजींनी मान हलवली. मलाही वाटलं, आपणही काही विचारावं. घरात हे संगीत आणलं ते शेवटी मीच.

"और साहब, मेरे लिए? मैं कौन-सा सुनूँ?"

साहेबांनी माझ्याकडं गंभीरपणे पाहिलं. सुशिलाबाईंनी त्यांना सगळी हकीकत आधीच सांगितली असावी. मग त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"बाबूजी, आप रेडियो ले लो. उसमें आदमी पहले ही बता देता है कि क्या बजनेवाला है."