चाकांवरचा आंबा

घर बघायला आलेला माणूस आधी विचारतो, नळाला पाणी किती वाजता येतं. विष्णुआप्पांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी खिशातून टेप काढला आणि आमच्या फाटकाची रुंदी मोजली. मग अंगणातल्या फरशीवर उभं राहून ऊन कुठून कुठं जातं ते बघितलं आणि म्हणाले, "बसतंय. खोल्या कशा हायत ते बायको बघंल."

काय बसतंय, ते दोन दिवसांनी कळलं. दौंडला आमच्या घरामागं भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आहेत. तिथं आप्पांचं बिऱ्हाड दोन खेपांत आलं. पहिल्या खेपेत कॉट, कपाट, भांडीकुंडी आणि त्यांच्या मंडळी, वत्सलाकाकू. दुसऱ्या खेपेत नुसती झाडं. तेलाच्या डब्यांत, रंगाच्या बादल्यांत, दांडा तुटलेल्या कुकरात. एका फुटक्या हेल्मेटात तर ओवा फुलून आला होता. सगळ्यांत शेवटी आंबा. निळा प्लॅस्टिकचा ड्रम मधोमध कापून त्यात लावलेला, माणसापेक्षा हातभर उंच, आणि ड्रमाखाली गुडघाभर उंच लोखंडी चौकट, तिला चार चाकं. कारखान्यातल्या एका फिटर मित्रानं ती करून दिली होती. आप्पा टेम्पोत खोडाला धरून उभे होते, वरातीतल्या नवरदेवाला सांभाळावं तसे.

आप्पा मूळचे आमच्याच तालुक्यातल्या राहू गावाकडचे. आयुष्य गेलं साखर कारखान्यात, पॅनमन म्हणून. पॅनमन म्हणजे पाक आटवून त्यात साखरेचा दाणा धरणारा माणूस. दाणा धरला की नाही, हे ते चिमटीत पाक घेऊन सांगत. निवृत्त झाले तरी चिमूट गेली नाही. कुंडीतली माती चिमटीत चोळायची आणि निकाल द्यायचा, "दाना न्हाई धरला अजून." हा निकाल ते कशालाही लावत. आमच्या वॉर्डातला नवा नगरसेवक पाया पडून गेला, तेव्हा आप्पा त्याच्या पाठीकडं बघत म्हणाले, "लई पातळ हाय." माझ्या बायकोच्या शिऱ्याला मात्र त्यांनी "धरला दाना" म्हटलं आणि ती आठवडाभर खूश होती.

न्हाणीच्या बाजूला आमची चार हात मोकळी माती आहे. मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो, "आप्पा, आंबा तिथं लावा की. बिचारा किती दिवस ड्रमात राहणार?"

"जागा तुमची, झाड माजं," ते म्हणाले. "उद्या तुमी म्हनाल, फांदी काढा. मी म्हनंल, न्हाई. कशाला पायजे सर? आपलं हालतं असलेलं बरं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. प्रत्येक कुंडीखाली त्यांनी विटा घातल्या होत्या. दर अमावास्येला ते जुना कोयता घेऊन बसत, एकेक कुंडी तिरकी करत आणि तळाच्या भोकातून बाहेर आलेली मुळं छाटत. आंब्याखाली तर आडवं होऊन, गाडीखाली मेकॅनिक शिरतो तसं शिरत. "दुसऱ्याच्या जमिनीत पाय पसरायचा न्हाई," असं खालून ऐकू येई. ते झाडाला सांगत होते की स्वतःला, ते कळत नसे.

कळलं ते वत्सलाकाकूंकडून. त्या बोलायच्या कमी. पण एकदा वाळवण घालता घालता माझ्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ नाना, दोघांची शेतं एका बांधाला लागून. बांधावर वडिलांच्या हातचा आंबा. वाटणी झाली तेव्हा मोजणीत आंबा आप्पांच्या बाजूला गेला. त्यावरून बायकाबायकांत बोलणं झालं, पुरुषांत अबोला झाला, आणि एक दिवस नानांनी माणसं लावून झाडच तोडलं. आप्पा कारखान्यातून आले तर बांध मोकळा. त्यांनी पालापाचोळ्यात शोधून चार कोयी उचलल्या, एका डब्यात लावल्या, त्यातली एक जगली. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला हिस्सा नानांच्या नावावर लिहून दिला. "समदंच घ्या," एवढंच म्हणाले. त्याला बावीस वर्षं झाली. राहूच्या रस्त्याला आप्पा पुन्हा गेले नाहीत. कारखान्याची कॉलनी सुटल्यावर भाड्याची सात घरं झाली. आंबा सगळीकडं बरोबर.

आमच्याकडं त्यांना चौथं वर्ष होतं. गणपती उठल्यानंतरच्या अमावास्येला, सकाळीच फाटकाशी जीप थांबली. गावातला कुणी तालुक्याच्या कामाला आला होता, त्यानं एका म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवलं आणि "तासाभरात येतो" म्हणून तो गेला. म्हातारा फाटकाची कडी चाचपत होता. मी पुढं झालो. "इष्णू हितंच ऱ्हातो का?" त्यांनी विचारलं. डोळे माझ्याकडं होते, पण बघत नव्हते.

आप्पा आंब्याखाली होते. आवाज ऐकून ते तसेच आडवे राहिले. मग हळूहळू बाहेर आले, कोयता विटेवर ठेवला, हात धोतराला पुसले. मी आत जायला निघालो तर आप्पांनी माझं मनगट धरलं. म्हणून मी राहिलो.

नाना खुर्चीवर बसले. वत्सलाकाकूंनी पदर घेऊन पाया पडून चहा ठेवला. नानांनी एक घोट घेतला. मग नानांनी हात लांब करून आंब्याचं एक पान चुरगळलं आणि नाकाशी धरलं.

"आपलंच का?"

"व्हय."

"फळ धरतं?"

"धा-पंधरा येत्यात. आंबाट. मूळच्या झाडासारखी गोडी न्हाई."

"मूळचं बी आंबाटच व्हतं, इष्णू," नाना म्हणाले. "तुला ल्हानपनी गोड लागायचं."

आप्पांनी खाली पडलेलं एक पान उचलून ड्रमात टाकलं.

"तुजी वैनी गेली. पोरं पुन्यात हायती, बोलावत्यात, पर मला तितं दिशा कळत न्हाईत. शेतात पाय वळकीचा हाय. जातो आपला बांधाबांधानं." नानांनी चहा संपवला. "बांदावर खड्डा घेऊन ठिवलाय. शेनखत घातलंय. आनतो का झाड?"

"जागा तुमची हाय, नाना."

"व्हय," नाना म्हणाले. "म्हनून तर इचारायला आलोय."

आप्पांनी नानांची रिकामी कपबशी उचलून आत नेली. जीप आली, नाना गेले. पुढचे तीन दिवस आप्पांनी कुठल्याच मातीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "सर, रविवारी टेम्पो सांगता का? तुमी बी चला. मला एकट्याला जमायचं न्हाई."

टेम्पोत पुढं जागा होती, पण आप्पा मागं खोडाला धरून उभे राहिले. राहूपर्यंत तसेच. कॅनॉलच्या कडेनं, दोन्ही बाजूंच्या उसातून आम्ही शेतात पोचलो तर नाना खड्ड्याच्या काठावर बसले होते. केव्हापासून, विचारलं नाही.

चार गड्यांनी फळी लावून आंबा उतरवला. मी आणि ड्रायव्हरनं करवतीनं ड्रम उभा कापला आणि दोन्ही फाका बाजूला केल्या. माती पडली नाही. पडायला ती होतीच कुठं? सगळी मुळंच. अंगठ्याएवढी मुळं ड्रमाच्या कडेकडेनं गोल गोल फिरून एकमेकांवर चढली होती. ड्रम काढला तरी आकार ड्रमाचाच.

एक गडी म्हणाला, "आप्पा, कोयता मारा चारी अंगांनी. न्हाईतर जगायचं न्हाई."

आप्पांनी कोयता घेतला. पातं मुळांवर टेकवलं. मग खाली बसले. "मीच आवळलं ह्याला," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. कोयता त्यांच्याच्यानं चालेना.

नाना चाचपत पुढं आले. त्यांनी दोन्ही हात मुळांवर फिरवले, एक टोक बोटानं शोधलं आणि विणलेली दोरी उसवावी तसं सोडवायला लागले. "घाई न्हाई," ते म्हणाले. "तू तिकडनं ये."

मग दोघं भाऊ समोरासमोर मातीत बसून मुळं सोडवत राहिले. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मधे पाणी शिंपडायचं, एखादं मूळ तुटलं की दोघंही थांबायचे, मग पुन्हा. बोलणं तेवढंच. "हितं अडकलंय." "वरून घे." दुपार कलल्यावर आंबा खड्ड्यात उभा राहिला, मुळं चारी बाजूंना पसरलेली. गड्यांनी माती लोटली, पाणी सोडलं. पानं माना टाकून लोंबत होती. जगेल की नाही, ते त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

निघताना आप्पा नानांच्या पाया पडले. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो विरळ झालेले केस चाचपत तसाच राहिला. "पिकलास की रं," ते म्हणाले.

परतीला आप्पा पुढं, माझ्या शेजारी बसले. कॅनॉलचा पूल आला तसं म्हणाले, "थांबवा जरा." खाली उतरले, चपला नीट केल्या. "तुमी व्हा फुडं, सर. पयल्या दिशी झाडाजवळ कुनीतरी लागतं."

"नाना आहेत की तिथं, आप्पा."

"त्यास्नी दिसत न्हाई," असं म्हणून ते चालायला लागले. उसाच्या वळणाआड जाईपर्यंत मी आणि ड्रायव्हर बघत राहिलो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वत्सलाकाकूंनी दार उघडलं, माझ्या मागं कुणी नाही हे बघितलं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. आधीच भरून ठेवलेली.

"उद्या कुनी राहूकडं जानारं असलं तर देता का धाडून?" त्या म्हणाल्या. "धोतरं हायत आन् चष्मा. नानांसाठी थोडे शेंगदान्याचे लाडू हायत. त्यास्नी पयल्यापास्नं आवडत्यात."