उघाडीच्या फळीची गिटार

आमच्या शेजारचे काशीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी लाकूड ठोकून बघतात. पाट असो, कपाट असो, बोटाचं पेर मारायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा: "बोलतंय" नाहीतर "मुकं हाय". माझ्या बहिणीच्या सोयरिकीला वडीलधारे म्हणून यांना नेलं, तर पाहुण्यांनी अस्सल सागवानी म्हणून मिरवलेला सोफा ठोकून म्हणाले, "आतून प्लाय हाय." सोयरीक मोडली नाही हे नशीब. पण बहिणीचे सासरे अजूनही काकांना प्लास्टिकचीच खुर्ची देतात.

हा नाद लागला गिटारीपायी. काका दिवसा मिठागरावर राबायचे आणि लोकांच्या हळदीला बेंजो पार्टीत बेस गिटार वाजवायचे. मिठागर गेलं, तिथं आता कंटेनर उभे असतात. पार्टीत तरुण पोरं आली, पार्टीची गिटार त्यांच्याकडे गेली. मग काकांनी ठरवलं, स्वतःची बेस गिटार स्वतःच्या हातानं करायची. त्यासाठी अख्खा गाव ठोकून झाला आणि लाकूड सापडलं ते खाडीच्या बांधावर. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. तसल्या एका मोडीत निघालेल्या उघाडीची फळी काका खांद्यावर टाकून घेऊन आले.

मी म्हटलं, "काका, ही जन्मभर खाऱ्या पाण्यात भिजलीय. तारा गंजतील."

"मिठाच्या लाकडाला वालवी लागत न्हाय," काका म्हणाले.

काहीही विचारा, उत्तर हेच. गिटार झाली, पण दिसायला दारच जास्त. गळ्यात अडकवली की काका पुढे झुकायचे. पावसाळ्यात तिला घाम फुटायचा, तारांवर तांबेरा चढायचा. काका फडक्यानं पुसायचे, खोबरेल चोळायचे, पुन्हा नव्या तारा आणायचे. शेवटी वैतागून मी म्हणालो, "सोडा हो हिला, आंब्याची करू दुसरी."

"दुसरं लाकूड येवरं थरथरत न्हाय," काका खाली मान घालून म्हणाले. "तिच्या हाताला कललं पायजे."

ती म्हणजे हिराकाकी, त्यांची बायको. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, धवले गाऊन लग्न लावणारी बाई. हिराकाकीसारखी धवलारीण पंचक्रोशीत नव्हती. मग तिचे कान गेले. यंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तशी ती गायची थांबली, मग बोलायचीही थांबली. घरात माणसं दोन आणि आवाज एकट्या काकांचा. त्या घरात जायचं माझ्या अगदी जिवावर यायचं.

यंदा माझ्या पुतणीची हळद होती. काकांनी गिटार मांडवात आणली, स्पीकरला जोडली, काकीला समोर पाटावर बसवलं आणि तिचा तळवा फळीवर ठेवला. मग धवल्याची चाल धरली. फळी घुमायला लागली. थोड्या वेळानं काकीचं बोट ठेक्यावर हललं. काकांच्या तोंडाकडे मला बघवेना, इतकी आशा होती त्यावर.

काकीनं हात काढून घेतला.

"ताल लागतोय मना," ती म्हणाली, कान गेलेली माणसं बोलतात तशी, नको तेवढ्या मोठ्यानं. "पन माजा आवाज कसा होता, त्योच इसरले मी."

काकांनी गिटार उतरवून बाजूला ठेवली. आमच्यात धवले बाप्यांनी गायचे नसतात. काकांनी तिचा हात घेतला, स्वतःच्या गळ्यावर धरला आणि धवला म्हणायला सुरुवात केली. आवाज पार फाटका, पण शब्द एकही चुकत नव्हता. मांडवात कुणी हसलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काकीचे ओठ हलायला लागले. आवाज येत नव्हता. काका पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, तिला गाठता यावं म्हणून.